सुरुंगाच्या खुणा बुजवू नका

जुलै 2025 मध्ये मराठ्यांचे 12 किल्ले युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेले आणि आमच्या शाळेच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर जुना वाद पुन्हा पेटला. पडलेले तट-बुरूज नव्याने उभारायचे, की उरलंय ते तसंच जपायचं? बहुतेकांचं म्हणणं, उभारा. मी इंग्लंडात नॉटिंगहॅमजवळ राहतो आणि मला ते पटत नाही. का, ते इथून जवळच्या न्यूअर्कला गेलं की कळतं.

1642 साली राजा पहिला चार्ल्स आणि पार्लमेंट यांच्यात यादवी सुरू झाली. न्यूअर्क राजाच्या बाजूचं. ट्रेंट नदीवरचा पूल आणि उत्तरेचा हमरस्ता त्याच्या ताब्यात, त्यामुळे तीनदा वेढा पडला. जुन्या दगडी भिंती मोठ्या तोफांपुढे टिकत नव्हत्या, म्हणून गावाभोवती मातीचे कोट घातले. त्यांतला क्वीन्स स्कॉन्स आजही शाबूत आहे: चारी कोपऱ्यांना बाणाच्या टोकासारखे बुरूज, भोवती खोल खंदक. दगडावर आदळला की गोळा कपच्या उडवी, मातीत मात्र रुतून बसे. एका बुरजावर उभं राहिलं की शेजारच्या बुरजाची अख्खी बाजू नजरेच्या माऱ्यात येते. खंदकात उतरलेल्याला आडोसा म्हणून मिळत नाही. आता सगळीकडे गवत आहे, त्या उतारांवर पोरं मनसोक्त लोळतात.

मे 1646 मध्ये राजाच्याच हुकमावरून न्यूअर्क शरण गेलं. मग तिथला दगडी किल्ला पुन्हा कुणाला लढवता येऊ नये म्हणून पार्लमेंटने पाडायला लावला. नदीकडची उंच भिंत आणि उत्तरेचा दरवाजा तेवढा राहिला. बाकीचा किल्ला कुणी परत बांधला नाही, आणि म्हणूनच यादवीत जिंकलेल्यांनी काय केलं ते तिथे उघड्या डोळ्यांनी दिसतं.

1818 मध्ये इंग्रजांनी हेच आपल्याकडे केलं. कितीतरी गडांच्या पायऱ्या सुरुंगांनी उडवल्या, हेतूही तोच. ती तुटलेली वाट म्हणजे मराठेशाहीच्या अखेरीचा दगडात उरलेला पुरावा. तिच्यावर नवे घडीव चिरे बसवले तर पुढच्या पिढीला तिथे काही घडलं होतं हेच कळणार नाही.

सुट्टीच्या दिवशी गडावर जाऊन टाक्यांतला गाळ उपसणाऱ्या पोरांबद्दल मला मनापासून आदर आहे. ढासळता चिरा सावरायलाच हवा, तोही सिमेंटने नव्हे, चुन्याने. चढायची सोय हवी असेल तर बाजूने लोखंडी जिना घाला. उडवलेल्या पायऱ्यांपाशी 1818 साली काय झालं ते सांगणारी मराठी पाटी लावा आणि सुरुंगाची खूण तशीच राहू द्या.