कस्टमच्या तपासणीविषयी फिरणारा निरोप आणि त्यातली चुकीची विधाने

गेले काही महिने बेळगाव, खानापूर, निपाणी आणि चिकोडी भागातल्या मराठी कुटुंबांच्या व्हॉट्सअॅप गटांत ‘परदेशातून येणाऱ्या आपल्या माणसांसाठी महत्त्वाची सूचना’ अशा मथळ्याचा एक लांबलचक निरोप फिरत आहे. त्याचा मतितार्थ असा : गोव्याच्या रस्त्यावर कणकुंबीलाही कस्टम आहे, बाईला ४० आणि पुरुषाला २० ग्रॅम सोने सरसकट माफ असून अंगावर घातलेले सोने मोजतच नाहीत, विमानतळावरच्या ग्रीन चॅनेलमधून (ज्यांना काही जाहीर करायचे नाही त्यांच्या वाटेने) चालत निघालेल्या प्रवाशाला अडवता येत नाही, दुसऱ्याने दिलेल्या वस्तूची जबाबदारी आणणाऱ्यावर नसते, कन्नड येत नाही म्हणून आपल्याला मुद्दाम बाजूला काढतात, बायकांची झडतीही कोणीही घेतो, आणि अडवलेच तर जागेवर रोख देऊन मोकळे व्हावे, कारण एकदा माल ठेवून घेतला की तो गेलाच. मला हा निरोप चार नातेवाइकांनी पाठवला. उद्यमबागेतल्या एका फौंड्रीचे निर्यातीचे कागद मी करतो, त्यामुळे कस्टमचा कायदा रोज हाताखालून जातो, आणि म्हणूनच ‘यातले खरे किती?’ हे त्यांनी मला विचारले. खरे थोडे आहे, आणि ते चुकीच्या जागी वापरले आहे.

घराजवळच्या विधानापासून सुरुवात करतो. चोर्ला घाटातून येताना कणकुंबीला किंवा कोल्हापूरकडून येताना कोगनोळीला ज्या गाड्या थांबवतात, त्या कस्टमवाले थांबवत नाहीत. तिथे राज्याचे अबकारी खाते आणि पोलीस असतात. त्यांचे लक्ष मुख्यतः गोव्याच्या दारूवर असते, आणि निवडणुकीची आचारसंहिता लागली की रोख रकमेवरही असते. बेळगावच्या सांबरा विमानतळावर जी तपासणी होते, तीही सुरक्षेची. तिथून परदेशी विमाने सुटत नाहीत, म्हणून कस्टमची रांगही नाही. आपल्याकडे प्रत्येक नाक्याला ‘कस्टम’ म्हणण्याची सवय कशी लागली, हे मात्र समजण्यासारखे आहे. गोव्यात पोर्तुगीज होते तेव्हा लोंढ्याहून पुढे जाणारी गाडी कॅसलरॉकला थांबत असे आणि भारताचे कस्टम सामान पाहत असे. घाट उतरून कुळ्याला गेले की तीच गाठोडी पोर्तुगीजांसमोर पुन्हा सोडावी लागत. माझे वडील ही आठवण सांगताना आजीच्या लुगड्याच्या गाठोड्याची गाठ हाताने सोडून दाखवत. १९ डिसेंबर १९६१ ला गोवा मुक्त झाला आणि ती सीमाच उरली नाही, पण शब्द राहिला. मात्र यावरून कोणी असा अर्थ काढू नये की विमानतळाबाहेर पडले म्हणजे विषय संपला. १९६२ च्या सीमाशुल्क (म्हणजे कस्टमच्या) कायद्याच्या कलम १२३ प्रमाणे, तस्करीचे आहे अशा सबळ समजुतीने सोने देशात कुठेही जप्त झाले, तर ते तस्करीचे नाही हे सिद्ध करण्याचा भार ज्याच्याकडे ते सापडले त्याच्यावर येतो.

सोन्याविषयीचे विधान सर्वांत जास्त नुकसान करणारे आहे, म्हणून त्यावर थोडे थांबतो. २० आणि ४० ग्रॅम हे आकडे खोटे नाहीत, पण निरोपात त्यांच्या अटी गाळल्या आहेत. ही सवलत एक वर्षाहून अधिक काळ परदेशात राहून परतणाऱ्याला आहे. ती दागिन्यांना आहे, बिस्किटांना किंवा नाण्यांना नाही. २०१६ च्या बॅगेज नियमांनी तर वजनाबरोबर किमतीचीही मर्यादा घातली होती : पुरुषाला ५० हजार रुपये, स्त्रीला १ लाख. अशा मर्यादा सरकार वेळोवेळी बदलते, म्हणून तिकीट काढताना चालू आकडा केंद्रीय अप्रत्यक्ष कर व सीमाशुल्क मंडळाच्या संकेतस्थळावर पाहणे हाच योग्य मार्ग आहे. पुढे ढकललेल्या निरोपातला आकडा धरून चालू नये.

एक वर्षाची ही अट आपल्या भागात कोणाला लागते, ते पाहा. मुलीच्या किंवा सुनेच्या बाळंतपणासाठी दुबईला, मस्कतला, कुवेतला दोन-तीन महिने जाणाऱ्या आया, सासवा आणि मावश्या यांना ही सवलत मुळीच मिळत नाही. त्यांच्या अंगावरचे सोने बहुधा इथलेच, लग्नात घातलेले असते, पण ते इथलेच आहे हे परतताना कोणी आणि कसे ठरवायचे? २०१६ च्या नियमांनी वैयक्तिक वापराच्या वस्तूंच्या व्याख्येतून दागिने वगळले आणि वादाचे मूळ तिथेच आहे. स्वतःच्या वापरातल्या जुन्या दागिन्यांच्या बाबतीत न्यायालयांनी प्रवाशांच्या बाजूने निकाल दिलेले आहेत, त्यात सर्वोच्च न्यायालयाचा २०१७ चा एक निकालही आहे. पण निकाल मिळायला वर्षे लागतात, आणि पाटल्या त्याच रात्री काढून द्याव्या लागतात.

माझ्या थोरल्या बहिणीच्या बाबतीत नेमके हेच घडले. नातवाच्या बाळंतविड्याचे सामान आणि कुंद्याचे डबे घेऊन ती गेली आणि अडीच महिन्यांनी परतली, तेव्हा एका विमानतळावर तिच्या बॅगेवर खडूने फुली मारून तिला बाजूला बसवले. बॅगेत खजूर आणि बदामांशिवाय काही निघाले नाही, पण हातातल्या पाटल्यांचे वजन करायचे ठरले. तीस वर्षांच्या पाटल्या, मनगट भरलेले, त्या निघेनात. बाथरूममध्ये नेऊन साबणाच्या पाण्याने एक निघाली, दुसरीने हाताची कातडी सोलली. टेबलावर छोट्या तराजूत त्या ठेवल्या, आणि ‘पावती कुठे आहे?’ असे विचारले गेले. रात्री अडीच वाजता तिने मला फोन केला. शहापूरच्या सराफाची पिवळी पडलेली चिठ्ठी आणि तिच्या लग्नातला, त्याच पाटल्या हातात असलेला फोटो मी मोबाइलवर पाठवला. एका वरिष्ठ अधिकारी बाईंनी तो फोटो मोठा करून पाहिला, पाटल्यांवरची नक्षी जुळवली आणि तिला जाऊ दिले. चार तास गेले. त्या चार तासांत तिला जे वाटले, त्याबद्दल तिच्यावर चूक ठेवावी असे मला वाटत नाही; वयस्क बाईला असे बसवणे मला आजही खटकते. पण ती सुटली ती चिठ्ठी आणि फोटोमुळे. निरोप सांगतो तशी ‘अंगावरचे मोजत नाहीत’ म्हणून बेफिकीर राहिली असती, तर पाटल्या तिथेच राहिल्या असत्या. दोन वर्षांनी ती पुन्हा गेली, तेव्हा जाताना विमानतळावरच्या कस्टम कक्षात दागिने दाखवून तिने निर्यात प्रमाणपत्र, म्हणजे हे दागिने इथूनच नेले याचा दाखला, घेतले. हा कागद जातानाच घ्यायचा असतो. परतल्यावर तो मिळत नाही.

ग्रीन चॅनेलचे विधान तर साफ उलटे आहे. ग्रीन चॅनेलमधून जाणे म्हणजे ‘माझ्याकडे जाहीर करण्यासारखे काही नाही’ असे सांगणे होय, आणि ते सांगणे खोटे निघाले तर माल दडवल्याचा आरोप त्यातूनच उभा राहतो. सामानाची खरी नोंद देण्याचे बंधन कलम ७७ ने प्रवाशावर घातले आहे. आपल्याजवळ मर्यादेबाहेरची वस्तू आहे असे वाटत असेल तर रेड चॅनेलला जाऊन ती दाखवावी. तिथे बहुधा शुल्क भरून भागते. आणि ती वस्तू आपल्याला इथे आणायचीच नव्हती, परत बरोबर न्यायची होती, तर कलम ८० प्रमाणे ती अधिकाऱ्यांकडे ठेवून देश सोडताना परत घेता येते. मात्र ही सोय ज्याने खरी नोंद दिली त्यालाच आहे. शंका असली तर मोकळेपणाने विचारावे. विचारणाऱ्या प्रवाशाला गुन्हेगारासारखे वागवल्याचे मी पाहिलेले नाही; गप्प राहून पकडल्या गेलेल्याला मात्र मी पाहिले आहे.

दुसऱ्याने दिलेल्या वस्तूविषयी फार लिहिण्याची गरज नाही. तुमच्या बॅगेत जे आहे त्याचे उत्तर तुम्हाला द्यावे लागते. ‘गावाकडच्या माणसाला एवढे पोचव’ म्हणून कोणी सीलबंद डबा, इस्त्री किंवा मिक्सर दिला तर तो उघडून पाहिल्याशिवाय घेऊ नये, देणारा आपल्या तालुक्यातला असला तरी घेऊ नये. नोकरीच्या शोधात गेलेल्या आणि तिकिटाच्या पैशांसाठी असे डबे आणणाऱ्या तरुणांना हा निरोप ज्या बेजबाबदारीने धीर देतो, त्याचा मला सर्वांत जास्त राग येतो. सोने दडवून आणणे हे दंडावर भागणारे प्रकरण राहीलच असे नाही; कलम १०४ खाली अटक आणि कलम १३५ खाली खटला होऊ शकतो, आणि रक्कम मोठी असली तर शिक्षा सात वर्षांपर्यंत जाते.

भाषेचा मुद्दा आपल्याकडे हळवा आहे, आणि तो का हळवा आहे हे सीमाभागात राहणाऱ्याला सांगावे लागत नाही. म्हणूनच तो चुकीच्या ठिकाणी वापरू नये. कस्टम हे केंद्र सरकारचे खाते आहे. बेंगळूरला, मुंबईला आणि गोव्याला एकच कायदा चालतो. कोणाला बाजूला काढायचे हे बव्हंशी विमान कुठून आले, प्रवासी किती दिवस राहिला, किती वेळा ये-जा केली आणि एक्स-रेमध्ये काय दिसले यावर ठरते. एखादा अधिकारी उद्धट वागत नाही, असे मी म्हणणार नाही. पण आपल्याला मराठी म्हणून अडवले असे मनात धरून जो वाद घालू लागतो, त्याच्या हातून खरा मुद्दा सुटतो, आणि भाषेच्या बाबतीत खरा मुद्दा वेगळाच आहे. कलम १०८ खाली दिलेला जबाब पुढे पुरावा म्हणून वापरला जातो. पोलिसांसमोरच्या जबाबापेक्षा त्याचे वजन अधिक आहे. म्हणून न कळणाऱ्या इंग्रजी किंवा हिंदी मजकुराखाली सही करू नये. ‘मी मराठीत लिहून देतो’ असे शांतपणे सांगावे, स्वतःच्या अक्षरात लिहावे, आणि इतर कशावर सही करावीच लागली तर मजकूर वाचून, समजून घेऊन मगच करावी.

झडतीच्या बाबतीत निरोपाने स्त्रियांना जी भीती घातली आहे, ती कायद्याने आधीच दूर केलेली आहे. कलम १०२ स्पष्ट सांगते की स्त्रीची झडती स्त्रीनेच घ्यायची. अंगझडतीची वेळ आली तर प्रवाशाने मागणी केल्यावर त्याला विनाविलंब जवळच्या राजपत्रित कस्टम अधिकाऱ्यापुढे किंवा दंडाधिकाऱ्यापुढे न्यावे लागते. झडती दोन किंवा अधिक पंचांसमोर होते आणि जे सापडले त्याची यादी करून त्यावर सह्या घेतल्या जातात. हा हक्क मागण्यासाठी आवाज चढवावा लागत नाही. ‘मला राजपत्रित अधिकाऱ्यासमोर न्या’ एवढे एक वाक्य घरातल्या प्रत्येक बाईला पाठ असावे.

आता शेवटचे विधान, रोख देऊन सुटण्याचे. पावतीशिवाय दिलेले पैसे ही लाच आहे आणि देणाराही त्यात अडकतो, हे एक. दुसरे असे की ‘ठेवून घेतले म्हणजे गेले’ हे खरे नाही. माल जप्त झाला तर कलम ११० प्रमाणे सहा महिन्यांत कारणे दाखवा नोटीस द्यावी लागते. लेखी कारणे नोंदवून ही मुदत आणखी सहा महिने वाढवता येते, पण नोटीसच आली नाही तर माल परत करावा लागतो. ‘मला नोटीस नको’ असे आधीच छापलेल्या कागदावर प्रवाशांच्या सह्या घेण्याची पद्धत दिल्ली उच्च न्यायालयाने २०२५ मध्ये अमान्य केली. निरोप लिहिणाऱ्याने खरे तर हीच बातमी पसरवायला हवी होती. ज्या वस्तूंवर बंदी नाही त्या दंड भरून सोडवण्याचा पर्याय कलम १२५ खाली द्यावाच लागतो. आदेश मान्य नसेल तर ६० दिवसांत आयुक्तांकडे अपील करता येते, आणि प्रवासी सामानाच्या प्रकरणात त्यापुढे केंद्र सरकारकडे तीन महिन्यांच्या आत पुनरीक्षणाचा अर्ज करता येतो. या प्रत्येक पायरीवर ताब्यात घेतल्याची पावती, पंचनाम्याची प्रत किंवा आदेशाची प्रत जोडावी लागते. निरोपात सांगितल्याप्रमाणे रोख देऊन घाईने बाहेर पडलेल्या प्रवाशाच्या हातात यांपैकी एकही कागद नसतो.