आधी ती मासळी पाण्यात सोडा!

टेक्सासच्या लेक फोर्क तलावावर गळ टाकणाऱ्या प्रत्येकाला नियम पाठ असतो: 16 ते 24 इंचांमधला लार्जमाउथ बास हा गोड्या पाण्यातला मासा परत सोडायचा. सोडतातही. पण कधी? आधी खालच्या जबड्यात अंगठा घालून चांगली वजनदार मादी आडवी धरायची, सगळा भार जबड्याच्या सांध्यावर. मग फोन सापडत नाही. मग ‘अजून एक काढ ना’. मग तापलेल्या डेकवर ठेवून मोजमाप! कोरड्या हातांनी अंगावरचा बुळबुळीत थर निघून जातो, आणि तोच तर तिला रोगजंतूंपासून वाचवतो. उन्हाळ्यात कोमट पाण्यात मुळात ऑक्सिजन कमी, त्यात ती झुंजून दमलेली, आणि यांचं फोटोसेशन संपतच नाही.

बोललं की उत्तर ठरलेलं, ‘गेली की पोहत!’ अहो, पोहत गेली म्हणजे जगली असं नसतं. कित्येक मासे नंतर, कुणी बघत नसताना मरतात. मोठे बास बहुतेक माद्याच असतात, अंडी त्यांच्याच पोटात. 1992 चा 18.18 पौंडांच्या बासचा राज्यविक्रम याच तलावातला, तो काय असाच आला?

हात ओले करा, दुसरा हात पोटाखाली द्या, फोन आधीच तयार ठेवा. एवढंही जमत नसेल तर फोटो नकोच.