ठेकेदार बदलतो, माणूस तोच राहतो

नवी मुंबईचं विमानतळ सुरू झाल्यापासून उलव्यापासून दिघ्यापर्यंत एकच चर्चा आहे. भूमिपुत्रांना नोकऱ्या किती? मागणी रास्तच आहे. 1984 साली सिडकोच्या भूसंपादनाविरुद्ध जासईच्या लढ्यात ज्यांनी गोळ्या झेलल्या, त्यांच्या नातवंडांनी ती करायची नाही तर कोणी? पण किती नोकऱ्या, याच्या आधी पगार कोण देणार हे विचारा. कंपनी की ठेकेदार?

आपल्या पट्ट्यात काम नाही असं कोणी म्हणू नये. वागळे इस्टेट 1962 पासूनची, त्यामागोमाग खाडीपलीकडची टीटीसी (ट्रान्स ठाणे क्रीक) औद्योगिक वसाहत. त्यातले मोठमोठे कारखाने गेले. ठाण्यात रेमंडच्या जागेवर आज टॉवर उभे आहेत. रबाळे-महाप्यात डेटा सेंटर आली, ती वीज खातात कारखान्याएवढी, पण पाळीला माणसं लागतात मोजकी. उरलेल्या कारखान्यांत, गोदामांत हात लागतातच. फरक एवढाच की आता ते ठेक्याने घेतले जातात.

ठेका जातो सर्वांत कमी दर भरणाऱ्याला. किमान वेतन सगळ्या ठेकेदारांना सारखंच, मग एखाद्याचा दर कमी येतो कुठून? हजेरीतून. माणूस महिन्याला 26 दिवस भरतो आणि कामगाराची वर्गणी भरायच्या चलनात 12 दाखवले जातात. उरलेले दिवस 'भत्ता' म्हणून रोखीत. हातात रक्कम तेवढीच पडते, म्हणून कोणी बोलत नाही. आता हिशेब बघा. ईएसआयचा, म्हणजे कामगार राज्य विम्याचा, आजारपणाचा भत्ता, म्हणजे पगाराच्या 70 टक्के, वर्षाला 91 दिवसांपर्यंत मिळतो. त्यासाठी सहा महिन्यांच्या वर्गणी काळात किमान 78 दिवस भरलेले लागतात. 12 गुणिले 6 म्हणजे 72. सहा दिवस कमी! प्रत्यक्षात दीडशेच्या वर दिवस राबलेला माणूस कावीळ होऊन घरी पडला, तर त्याला एक रुपया भत्ता मिळत नाही.

पीएफचं दुखणं वेगळं. मालकाच्या 12 टक्क्यांतले 8.33 टक्के पेन्शनला जातात आणि पेन्शनला 10 वर्षांची सेवा लागते. ठेका बदलला की गेटपास नवा, गणवेशाचा रंग नवा, मशीन तेच. जुना ठेकेदार काम सोडल्याची तारीख भरत नाही, म्हणून खातं पुढे सरकत नाही. आधारवर आणि कंपनीच्या कागदावर नावाची स्पेलिंग वेगळी असली की दुसरा यूएएन, म्हणजे पीएफचा कायमचा क्रमांक, तयार होतो. कंटाळून लोक पैसे काढून टाकतात, सोबत पेन्शनचे पैसे काढायचा 10 सी फॉर्मही भरतात, आणि तोवरची पेन्शनची सेवा पुसली जाते. हे टाळता येतं. शेवटची वर्गणी जमा होऊन दोन महिने झाले की काम सोडल्याची तारीख कामगाराला स्वतः पोर्टलवर भरता येते. ती भरा, जुनं खातं नव्यात वर्ग करून घ्या, आणि 10 सी भरून पैसे काढू नका.

21 नोव्हेंबर 2025 पासून नव्या श्रमसंहिता लागू झाल्या, तेव्हापासून 'एका वर्षात ग्रॅच्युइटी' हा संदेश सगळ्या ग्रुपवर फिरतोय. ही तरतूद ठरावीक मुदतीच्या नेमणुकीसाठी आहे, म्हणजे मालकाने स्वतः मुदतीचं नेमणूकपत्र दिलेल्यांसाठी. नुसतं ठेकेदाराच्या हजेरीपटावर नाव आहे म्हणून कोणी त्यात बसत नाही. नेमणूकपत्रावर नाव कोणाचं आणि मुदत लिहिली आहे का, हे आधी वाचा.

यावरचा उपाय आपल्या दारातच आहे. तुर्भ्याच्या बाजारात माथाडी दिवसभरात चार व्यापाऱ्यांच्या गाड्या खाली करतो. त्याचा मालक सकाळ-दुपार बदलतो, पण पीएफ, ग्रॅच्युइटी, बोनस यांचं खातं एकच, माथाडी मंडळाचं. व्यापारी मजुरी आणि वर लेव्ही, म्हणजे या सोयींसाठीची वर्गणी, मंडळात भरतो. 1969 च्या कायद्याने हे करून दाखवलं. 1981 च्या कायद्याने खासगी सुरक्षारक्षकांनाही मंडळ मिळालं. मग टीटीसीतल्या हेल्परला आणि विमानतळावर सामान चढवणाऱ्या पोराला का नको? बोगस माथाडींच्या नावाने होणाऱ्या खंडणीची तक्रार उद्योजक करतात. ती खरी आहे आणि तिचा बंदोबस्त व्हायलाच हवा. पण त्यासाठी नोंदणी कडक करावी, मंडळाची कल्पना मोडीत काढू नये.

मंडळ होईल तेव्हा होईल. तोवर निविदेत दोन अटी तरी घाला. नव्या ठेकेदाराने जुनी माणसं सेवेच्या तारखेसकट घ्यायची. आणि दर महिन्याच्या 15 तारखेपर्यंत भरायच्या पीएफ-ईएसआयच्या चलनातले दिवस गेटच्या हजेरीशी जुळल्याशिवाय ठेकेदाराचं बिल काढायचं नाही. ठेकेदाराने वर्गणी बुडवली तर ती मूळ मालकाकडून वसूल होते, हे कायद्यात आधीपासून आहे. गेटची पंचिंगची नोंद कंपनीच्याच संगणकात असते. जुळवायला एक कारकून आणि अर्धा दिवस पुरे.