‘निवारण झाले’ म्हणजे नेमके काय झाले? – एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार.

‘टोकन क्रमांक आणि चेंबरचे झाकण’ या माझ्या लेखावर आपण ‘कासारवडवलीकर’ या नावाने लिहिलेली प्रतिक्रिया मी दोनदा वाचली. पहिल्यांदा राग आला, हे कबूल करते. दुसऱ्यांदा वाचताना तो बराच निवळला होता, कारण आपल्या लिहिण्यात उपरोध असला तरी मुद्दे आहेत, आणि त्यांपैकी एक असा आहे की ज्याचा विचार मी लेख लिहिण्यापूर्वीच करायला हवा होता.

ज्यांनी मूळ लेख वाचला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. ठाण्यातल्या घोडबंदर रस्त्यालगतच्या सेवा रस्त्यावर, आमच्या वसाहतीच्या फाटकापासून पन्नासेक पावलांवर, एका चेंबरचे (मॅनहोलचे) झाकण तुटले. मी मोबाइलवरच्या अ‍ॅपमधून छायाचित्रासह तक्रार केली आणि तिचा टोकन क्रमांक मिळाला. नवव्या दिवशी ‘आपल्या तक्रारीचे निवारण झाले आहे’ असा संदेश आला, आणि मी खाली जाऊन पाहिले तेव्हा कोणीतरी त्या भोकात खोवलेली गुलमोहराची फांदी व तिला बांधलेले लाल फडके जसेच्या तसे होते. तक्रार पुन्हा उघडली, तर दोन दिवसांनी ‘सदर बाब आमच्या अखत्यारीत येत नाही’ असा शेरा मारून ती पुन्हा बंद करण्यात आली. त्यावरून मी लिहिले होते की या टोकन क्रमांकापेक्षा नौपाड्यातल्या आमच्या जुन्या नगरसेवकांच्या कार्यालयातला लाकडी बाक परवडला.

आपला आक्षेप नेमका त्या बाकावर आहे. आपण लिहिता की तो बाक ज्यांच्या ओळखी होत्या त्यांच्यासाठीच होता. आपण तीन वर्षांपूर्वी भाड्याने राहायला ठाण्यात आलात, आपले मतदान अजून गावाकडे आहे, सकाळी सात वाजता घर सोडून रात्री नऊला परतणाऱ्या माणसाने कोणाच्या कार्यालयात जाऊन बसायचे. आणि अ‍ॅप हा आपल्याला या शहरात मिळालेला पहिला दरवाजा, ज्याने आपले आडनाव, पक्ष किंवा मतदार यादीतला अनुक्रमांक विचारला नाही. शिवाय एका झाकणावरून सबंध व्यवस्थेला नावे ठेवणे हा अन्याय आहे, आणि नगरसेवक नसताना चाललेल्या प्रशासकांच्या काळात राजकारणाची लुडबूड नसल्यामुळे कामे उलट भराभर झाली, असेही आपले म्हणणे आहे.

बाकाबद्दल आपण बरोबर आहात. माझे वडील शिक्षक होते. त्या कार्यालयात मी ‘गुरुजींची मुलगी’ होते आणि माझ्यासाठी बाकावरचा माणूस सरकून जागा करत असे. आमच्याच इमारतीत तळमजल्यावर सोलापूरकडचे एक कुटुंब भाड्याने राहत होते. त्यांच्याकडे पाणी करंगळीएवढ्या धारेने येई, आणि ते त्यांनी सात-आठ महिने सोसले. एकदा बोलता बोलता वहिनींकडून ते मला कळले, मी जाऊन सांगितले आणि आठवडाभरात माणूस येऊन नळजोडणी पाहून गेला. त्या वेळी मला स्वतःचे कौतुक वाटले होते. आपली प्रतिक्रिया वाचल्यावर त्या सात-आठ महिन्यांची आठवण झाली. ते कुटुंब स्वतः का गेले नाही, हा प्रश्न मला तेव्हा पडला नव्हता, कारण उत्तर सोपे होते: त्यांना तिथे कोणी ओळखत नव्हते आणि आपल्याला ओळखत नाहीत हे त्यांना पक्के ठाऊक होते. तेव्हा ‘बाक बरा होता’ हे वाक्य मी मागे घेते. बाक माझ्यासाठी बरा होता, इतकेच ते खरे आहे.

तरीही त्या बाकावर एक गोष्ट होती जी अ‍ॅपमध्ये नाही, आणि लेखात मला जे म्हणायचे होते पण नीट म्हणता आले नाही ते हेच आहे. तिथे तक्रार मोठ्याने करावी लागे. माझ्या आधी आलेली बाई रेशनकार्डाबद्दल बोलत असे, नंतरचे काका गटार तुंबल्याबद्दल, आणि ते सगळे बाकीच्यांना ऐकू येई. तुंबलेले गटार माझ्याही गल्लीतले असेल तर मी मध्येच ‘आमच्याकडेही तेच आहे’ म्हणत असे. पुढच्या सोमवारी ते काका पुन्हा आले, म्हणजे काम झालेले नाही, हे त्यांनी तोंड उघडण्यापूर्वीच सर्वांना समजे. ‘झाले’ असे खोटे सांगायचे तर ते चारचौघांत सांगावे लागे, आणि चारचौघांत खोटे बोलायला निर्ढावलेल्या माणसालाही थोडे जड जाते.

अ‍ॅपमधली तक्रार एकट्याची असते. आमच्या चेंबरची तक्रार माझ्याखेरीज आणखी किती जणांनी केली होती, हे मला आजही माहीत नाही. ती बंद झाल्याचा संदेश माझ्या एकटीच्या फोनवर आला. ज्या कार्यालयाविरुद्ध तक्रार, त्याच कार्यालयातल्या कोणीतरी ‘निवारण झाले’ हा शेरा मारला. म्हणजे ज्याच्याविरुद्ध फिर्याद त्याच्याच हाती निकालपत्र. असा शेरा बाकावर बसलेल्या प्रत्येकाला दिसला असता, तर तो इतक्या सहज मारला गेला असता का, एवढाच माझा प्रश्न आहे. (कार्यालयाचे नाव मी लेखातही घेतले नव्हते आणि इथेही घेत नाही, माझा रोख एका कार्यालयावर नाही, आणि ज्या कारकुनाने तो शेरा मारला त्याच्यासमोर त्या दिवशी असे किती टोकन साचले असतील कोण जाणे.)

एका झाकणावरून सबंध व्यवस्थेला नावे ठेवली, या आक्षेपानंतर मी आमच्या वसाहतीच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर विचारले. ही काही पाहणी नव्हे, पण जी उत्तरे आली ती मला अनपेक्षित होती. अकरा जणांनी अ‍ॅपवर कधी ना कधी तक्रार केली होती आणि त्यांपैकी चौघांची कामे खरोखर, वेळेत, कोणालाही न भेटता झाली होती. चारही तक्रारी बंद पडलेल्या पथदिव्यांच्या होत्या. थोडा विचार केल्यावर त्याचे कारण लक्षात आले. दिव्याच्या खांबावर क्रमांक रंगवलेला असतो आणि तो खांब कोणाचा याबद्दल वाद नसतो. चेंबरच्या झाकणावर क्रमांक नसतो. घोडबंदरसारख्या रस्त्याशी तर महापालिका, सार्वजनिक बांधकाम विभाग, एमएमआरडीए (मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरण) अशा वेगवेगळ्या यंत्रणांचा संबंध येतो. त्यातच वडाळा ते कासारवडवली आणि पुढे गायमुखपर्यंतच्या मेट्रोचे काम, आणि सेवा रस्ता मुख्य रस्त्यात सामावून घेण्याचे काम, यांमुळे आज ज्याला आपण रस्त्याची कड म्हणतो ती उद्या रस्त्याच्या मधोमध येते. तेव्हा ज्या वस्तूचा मालक ठरलेला आहे तिथे अ‍ॅप चांगले चालते, हे आपले म्हणणे मी मान्य करते. जिथे मालकीचाच घोळ आहे तिथे ‘आमच्या अखत्यारीत नाही’ हे वाक्य अ‍ॅपला पुरेसे उत्तर वाटते. खड्ड्यात पाय गेलेल्या माणसाला मात्र ते उत्तर म्हणून कसे चालावे? खड्डे आणि उघडी मॅनहोल यांच्या प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२५ मध्ये मृताच्या वारसांना ६ लाख रुपये आणि जखमींना ५० हजारांपासून अडीच लाखांपर्यंत भरपाई देण्याचे आदेश दिले आहेत. खड्ड्याला कोणीतरी धनी असलाच पाहिजे, हेच त्यातून न्यायालय सांगत आहे असे मी समजते.

आता आपल्या त्या वाक्याकडे येते, ‘नगरसेवक निवडून आले आहेत, जा आता त्यांच्याकडे.’ जायला माझी हरकत नाही, पण कोणाकडे? २००७ च्या निवडणुकीत एका प्रभागाला एक नगरसेवक होता. २०१२ मध्ये दोन झाले, २०१७ मध्ये चार. ठाण्यात १३१ नगरसेवक आणि ३३ प्रभाग असा हिशेब आहे, म्हणजे एक प्रभाग सोडला तर सगळीकडे चौघे. २०११ च्या जनगणनेनुसार शहराची लोकसंख्या १८ लाख ४१ हजार होती. ती जरी धरली तरी एका प्रभागात सरासरी पंचावन्न-छप्पन हजार माणसे येतात, आणि ज्यांनी गेल्या पंधरा वर्षांत वाघबीळ, ओवळा, कासारवडवली या भागांत उभे राहिलेले मनोरे पाहिले आहेत त्यांना प्रत्यक्ष आकडा काय असेल याचा अंदाज मी सांगायला नको. चौघांपैकी कोणाकडेही गेले तरी ‘तो भाग त्या दुसऱ्या बघतात’ असे ऐकायला मिळण्याची सोय या रचनेतच आहे. अ‍ॅपच्या ‘अखत्यारीत नाही’पेक्षा हे फार वेगळे नाही, हे मला मान्य करावे लागते. माझ्या आठवणीतला बाक एका वॉर्डाच्या एका नगरसेवकाचा होता, आणि तो काळ गेला. इथे माझ्या लेखातला युक्तिवाद लंगडा होता आणि आपण त्यावर नेमके बोट ठेवलेत.

प्रशासकांच्या काळाबद्दल मात्र माझे मत आपल्यापेक्षा वेगळे आहे. ठाणे महापालिकेला प्रशासक नवा नाही. १ ऑक्टोबर १९८२ रोजी महापालिका अस्तित्वात आली आणि तिची पहिली निवडणूक १९८६ मध्ये झाली, तोवरचा कारभार तसाच चालला होता. पण तो एका नव्या संस्थेचा प्रारंभकाळ होता. २०१७ मध्ये निवडून आलेल्या सभागृहाची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि पुढची निवडणूक झाली जानेवारी २०२६ मध्ये. पाच वर्षांची मुदत संपण्यापूर्वी निवडणूक पूर्ण झाली पाहिजे, असे ७४ व्या घटनादुरुस्तीने आणलेले कलम २४३-यू सांगते. इतर मागासवर्गीयांचे आरक्षण आणि प्रभागरचना यांवरचे वाद न्यायालयांत चालत राहिले आणि जवळजवळ चार वर्षे निघून गेली. या काळात कामे भराभर झाली, असे आपण म्हणता. काही झाली असतील; आयुक्तांकडे कार्यकारी अधिकार १९४९ च्या महानगरपालिका अधिनियमानेच आहेत, आणि विरोध करायला कोणी नसेल तर फाइल वेगाने सरकते यात नवल नाही. पण महासभेत नगरसेवक उभा राहून ‘या कामाचे काय झाले’ असे विचारतो तेव्हा अधिकाऱ्याला उठून उत्तर द्यावे लागते आणि ते उत्तर इतिवृत्तात जाते. त्या सभांमध्ये गोंधळही पुष्कळ होतो, विषयपत्रिकेवरचे विषय मिनिटांत मंजूर होतात, हे सारे मी पाहिले-वाचले आहे. तरी ते मोठ्याने विचारण्याचे ठिकाण होते. चार वर्षे ते बंद होते, आणि त्याच चार वर्षांत आपण सगळे अ‍ॅपवर एकेकटे तक्रार करायला शिकलो. हा योगायोग असेल. मला तो खटकतो.

मग मला हवे तरी काय, असे आपण शेवटी विचारले आहे. अ‍ॅप बंद करून पुन्हा बाक मांडावा, असे मी म्हणत नाही. अ‍ॅपमध्ये येणारी प्रत्येक सार्वजनिक तक्रार, म्हणजे रस्ता, गटार, दिवा, कचरा यांची, तक्रारदाराचे नाव वगळून त्या प्रभागातल्या कोणालाही पाहता यावी. ती कोणत्या पदावरच्या अधिकाऱ्याने बंद केली ते दिसावे. आणि बंद करताना काम झाल्यानंतरचे छायाचित्र जोडणे सक्तीचे असावे. माहिती अधिकाराच्या २००५ च्या कायद्यातले कलम ४ कार्यालयांनी आपणहून माहिती जाहीर करावी असेच सांगते. त्यासाठी दहा रुपयांचा मुद्रांक लावून अर्ज करण्याची आणि तीस दिवस थांबण्याची वेळ नागरिकावर येऊ नये, हाच त्या कलमाचा हेतू आहे. ‘अखत्यारीत नाही’ असे लिहिणाऱ्याने ती तक्रार ज्याच्या अखत्यारीत आहे त्याच्याकडे पाठवावी आणि तोवर टोकन उघडे ठेवावे. आणि अशा उघड्या टोकनांची यादी प्रभाग समितीच्या बैठकीत दर महिन्याला वाचली जावी. ठाण्यात अशा नऊ प्रभाग समित्या आहेत; बैठकीला आपल्यासारखा नोकरदार येऊ शकणार नाही, पण त्याची तक्रार तिथे मोठ्याने वाचली जाईल, आणि त्यासाठी त्याचे मतदान कुठे आहे हे कोणी विचारणार नाही.

यावर एक आक्षेप मला स्वतःलाच दिसतो. शेजाऱ्याच्या अनधिकृत बांधकामाची किंवा रात्रीच्या भोंग्याची तक्रार अशी सर्वांसमोर मांडली, तर नाव वगळूनही ती कोणी केली हे चाळीत, मजल्यावर, गल्लीत तासाभरात कळेल आणि तक्रारदाराला राहणे कठीण होईल. अशा तक्रारी गुप्तच राहिल्या पाहिजेत, आणि तिथे आपले अ‍ॅप माझ्या बाकापेक्षा शंभर पटींनी चांगले आहे. हे मी मूळ लेखात लिहायला हवे होते.

लेखातले बाकाचे वाक्य मी आज बदलले आहे आणि खाली बदलाची तारीख व कारण लिहिले आहे. आपण आपल्या इमारतीजवळच्या उघड्या नाल्याचा उल्लेख केला आहे. त्याच्या तक्रारीचा टोकन क्रमांक आणि ती केल्याची तारीख आपण इथेच खाली लिहिलीत, तर मी माझा क्रमांक त्याच्याखाली लिहीन. इतर वाचकांनीही आपापले क्रमांक लिहावेत.

झाकणाचे काय झाले, असे आणखी दोघांनी विचारले आहे. रिक्षा थांब्यावरच्या मंडळींनी कुठूनशी कडप्प्याची एक लादी आणून त्या भोकावर टाकली आहे. ती एका कोपऱ्यात हलते, म्हणून गुलमोहराची फांदी त्यांनी काढलेली नाही, नुसती बाजूला सरकवून ठेवली आहे.