बांधा मध्यम, वय ३० ते ५०

तुमच्या डोळ्यांदेखत कधी खून झालाच, तर गडबडून जाऊ नका. गडबडलेला माणूस "मला नीट दिसलं नाही हो" असं खरं खरं सांगून टाकतो, आणि पोलीस ठाण्यात त्याच्याइतका निरुपयोगी प्राणी दुसरा नसतो. त्याला बसायला कोणी खुर्ची देत नाही. तुम्हाला खुर्ची मिळवायची आहे. खून काही कळवून होत नाहीत, तेव्हा तयारी आजच करून ठेवलेली बरी.

तुम्हाला काय दिसलं, याचा फार विचार करू नका. खरं म्हणजे दिसतं काय? अंधार, पळणारी पाठ, काहीतरी गडद रंगाचं अंगात. त्याच्या हातात शस्त्र असेल तर आणखीच पंचाईत. नजर त्या शस्त्रावरच खिळते आणि चेहरा बघायचा राहून जातो. हे मानसशास्त्रज्ञांनी प्रयोग करकरून पाहिलं आहे. सुऱ्याचं पातं किती लांब होतं ते तुम्ही हाताने दाखवाल, सुरा धरणाऱ्याला मिशा होत्या की नाही ते मात्र घरी पोचल्यावर आठवू लागाल. 'बांधा मध्यम, उंची मध्यम, वय ३० ते ५०' हे एवढंच प्रामाणिक वर्णन तुमच्यापाशी असतं. त्यावरून धरपकड करायची तर निम्मं शहर उचलावं लागेल आणि त्यात तपास अधिकारीही सापडेल.

म्हणून तपशील द्यायचे, भरपूर द्यायचे. या कलेतला आद्य गुरू म्हणजे लंडनचा जॉर्ज हचिन्सन. व्हाइटचॅपलमध्ये ९ नोव्हेंबर १८८८ रोजी मेरी केली हिचा खून झाला. जॅक द रिपरच्या नावावर मांडलेल्या खुनांतला हा बहुतेकांच्या मते शेवटचा. हचिन्सन ठाण्यात उगवला १२ तारखेच्या संध्याकाळी, कॉरोनरने, म्हणजे संशयास्पद मृत्यूंचा तपास करणाऱ्या अधिकाऱ्याने, घेतलेली चौकशी आटोपल्यावर. खुनाच्या रात्री दोनच्या सुमाराला त्याने मेरीला एका पुरुषाबरोबर जाताना पाहिलं होतं, गॅसच्या दिव्याखाली, ते दोघे समोरून गेले तेवढा वेळ. आता ऐका. वय ३४-३५, उंची पाच फूट सहा इंच, रंग फिकट, डोळे काळे, मिशा टोकांना वर वळवलेल्या. लांब गडद कोट, त्याच्या कॉलरला आणि बाह्यांना अस्त्रखानी लोकर. आत फिकट वेस्टकोट, त्यावर जाडजूड सोन्याची साखळी. काळा टाय, टायला घोड्याच्या नालेच्या आकाराची पिन. बटणांचे बूट, बुटांवर गेटर, म्हणजे घोटे झाकणाऱ्या पट्ट्या, आणि गेटरांची बटणं पांढरी. आणि हो, पापण्यांचे केस काळे.

पापण्यांचे केस! मी माझ्या सख्ख्या भावाने दाढी काढली ते तीन दिवसांनी ओळखलं, तेही तो वैतागून बोलला म्हणून. हचिन्सनला रात्री दोन वाजता गॅसच्या उजेडात परक्या माणसाच्या पापण्या दिसल्या. इन्स्पेक्टर अ‍ॅबरलाइन काही कच्चा माणूस नव्हता. त्याने उलटतपासणी घेतली आणि हे निवेदन आपल्याला खरं वाटतं असा शेरा लिहून वर पाठवलं. शेरा हा असा मिळवायचा असतो. त्या वर्णनाचा माणूस कधीच सापडला नाही ही गोष्ट वेगळी. सापडण्याची जबाबदारी साक्षीदाराची नसते.

चेहरा मुळीच दिसला नसेल, तरी हातपाय गाळू नका. त्याच मालिकेत अ‍ॅनी चॅपमनचा खून झाला, त्या सकाळी साडेपाचच्या सुमाराला एलिझाबेथ लाँग या बाईंनी तिला एका पुरुषाशी बोलताना पाहिलं होतं. पुरुषाची पाठ बाईंकडे होती. आपण चेहरा पाहिला नाही, हे बाईंनी शपथेवर सांगितलं. पाठोपाठ हेही सांगितलं की तो चाळिशीच्या पुढचा होता आणि परदेशी दिसत होता. पाठीवरून देश ओळखण्याची ही सिद्धी तेव्हापासून आजतागायत साक्षीदारांमध्ये टिकून आहे, आणि तो देश सहसा आपला नसतो, एवढं लक्षात ठेवलंत तरी तुमचं अर्धं वर्णन तयार झालं.

आता स्मरणशक्ती. ती कपाटात ठेवलेल्या फोटोसारखी असते असं मानणारे लोक अजून आहेत, आणि सुदैवाने ज्युरीत तेच जास्त बसतात. तुम्ही तिला ओली माती समजा. १९७४ मध्ये एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॉन पामर या मानसशास्त्रज्ञांनी लोकांना मोटारींच्या टकरीची एक छोटी फिल्म दाखवली. मग काहींना विचारलं, गाड्या एकमेकींना धडकल्या तेव्हा वेग किती होता? काहींना विचारलं, गाड्या एकमेकींवर आदळून चुराडा झाला तेव्हा वेग किती होता? चुराडावाल्यांना वेग जास्त वाटला. एवढ्यावर थांबले असते तर ते साधे लोक म्हणायचे. आठवड्याने विचारलं, फुटलेल्या काचा पाहिल्या का? 'चुराडा' शब्द ऐकलेल्या ५० पैकी १६ जणांनी हो म्हटलं, 'धडक' ऐकलेल्या ५० पैकी ७ जणांनी. फिल्ममध्ये काच फुटलेलीच नव्हती.

यातून घ्यायचं ते हे की जबाब देण्याची घाई करू नका. आधी बातम्या वाचा, शेजारच्या साक्षीदाराशी बोला, तो काय म्हणाला ते ऐका. दोन दिवसांत तुम्हालाही तेच दिसलेलं असेल. आणि विचारणारा साहेब काय ऐकायला उत्सुक आहे, तिकडे कान ठेवा. स्वीडनचे पंतप्रधान ओलोफ पाल्मे यांचा २८ फेब्रुवारी १९८६ च्या रात्री स्टॉकहोममध्ये भर रस्त्यात खून झाला, तेव्हा त्यांची पत्नी शेजारीच होती. जवळजवळ तीन वर्षांनी तिला ओळख परेडीची चित्रफीत दाखवली. संशयिताला दारूचं व्यसन आहे, हे तिच्या आधीच कानावर गेलेलं होतं. ओळीतल्या माणसांकडे बघून ती पहिलंच वाक्य बोलली ते अशा अर्थाचं, की यात दारुडा कोण आहे ते दिसतंच आहे. मग तिने त्यालाच ओळखलं. १९८९ मध्ये त्याला खालच्या कोर्टात जन्मठेप झाली आणि त्याच वर्षी वरच्या कोर्टाने तो सोडला. २०२० मध्ये सरकारी वकिलांनी फाइल मिटवली ती एका मृत माणसावर बोट ठेवून. त्याचा खटला अर्थातच चालला नाही. आणि तो होता कोण, तर घटनास्थळी हजर असलेला, आपण काय पाहिलं ते वर्तमानपत्रांना हौसेने सांगणारा एक साक्षीदार! तेव्हा हौस बेतात ठेवा, एवढा इशारा मला इथे द्यावासा वाटतो.

जबाब झाला की तुम्हाला चित्रकारापुढे बसवतील, किंवा संगणकापुढे. एके काळी यासाठी पेटी असे: पारदर्शक पट्ट्यांवर छापलेली नाकं, हनुवट्या, भुवया, एकावर एक ठेवायच्या. आपण माणसाला ओळखतो ते अख्खा चेहरा एकदम बघून. ही पद्धत मात्र तुम्हाला नाकांच्या दुकानात उभं करते. साठावं नाक बघून झालं की मूळ नाक डोक्यातून गेलेलं असतं. त्याची चिंता नको. चित्रकार विचारेल, "नाक असं होतं का?" तुम्ही म्हणा, "जरा अजून तसं." चित्र पुरं झालं की मागे सरा, दीर्घ श्वास घ्या आणि म्हणा, "हाच तो." त्या क्षणापासून तुम्हाला आठवेल तो चेहरा चित्रातला. खुन्याचा चेहरा उगाच मधे लुडबुडणार नाही.

चित्र प्रसिद्ध झालं की खरी मजा. सॅन फ्रान्सिस्कोत ११ ऑक्टोबर १९६९ च्या रात्री 'झोडिअ‍ॅक' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या खुन्याने एका टॅक्सी ड्रायव्हरला गोळी घातली. समोरच्या घरातल्या मुलांनी खिडकीतून पाहिलं, फोन केला. संदेश पोलिसांच्या रेडिओवर जाईपर्यंत गोरा माणूस कृष्णवर्णीय झाला. गस्तीच्या गाडीला वाटेत एक गोरा माणूस चालताना दिसला आणि गाडी पुढे गेली, कारण तिला गोरा नको होता. दोन दिवसांनी चित्र निघालं, वय २५ ते ३०. आठवडा संपेपर्यंत दुसरं निघालं, वय ३५ ते ४५. पाच दिवसांत खुनी दहा-पंधरा वर्षांनी पिकला. पुढच्या महिन्यात खुद्द झोडिअ‍ॅकने पत्र पाठवून अभिप्राय दिला: वर्णनासारखा मी फक्त कामाच्या वेळी दिसतो, एरवी अगदी वेगळा असतो. चित्रावर मूळ व्यक्तीचं मत मिळण्याचा हा दुर्मीळ प्रसंग. तो कोण होता, ते अजून कळलेलं नाही.

ग्लासगोत याच्या उलट घडलं. १९६८-६९ मध्ये तीन स्त्रियांचे खून झाले. 'बायबल जॉन' असं नाव पडलेल्या संशयिताबरोबर शेवटच्या मृत स्त्रीच्या बहिणीने एकाच टॅक्सीतून प्रवास केला होता, त्यामुळे वर्णन चांगलं घसघशीत मिळालं. चित्रही साधंसुधं नाही, कलाशाळेतल्या चित्रकाराने रंगवलेलं. इतकं जिवंत, की गावात जो तो त्याच्यासारखा दिसू लागला. शेवटी ज्यांना लोक पुन्हा पुन्हा पकडून आणत, त्यांना पोलिसांनी 'हा बायबल जॉन नव्हे' अशी कार्डं दिली. मला त्या कार्डाचा फार हेवा वाटतो. आपण अमुक नव्हे असा सरकारी कागद किती जणांपाशी असतो? खुनी मिळाला नाही. त्याच्यापाशीही एखादं कार्ड असेल, असं मला उगाच वाटत राहतं.

या सगळ्यात दुबळ्या मनाचे लोक एक आकडा पुढे करतात: अमेरिकेत डीएनएमुळे निर्दोष ठरलेल्या कैद्यांपैकी सुमारे ७० टक्के खटल्यांत साक्षीदाराने चुकीचा माणूस ओळखला होता. तुम्ही असल्या आकड्यांकडे लक्ष देऊ नका. कोर्टात वकील विचारेल, "खात्री आहे?" तेव्हा 'बहुतेक', 'तसा वाटतो', 'अंधार होता' हे शब्द तोंडातून बाहेर पडता कामा नयेत. बोट सरळ धरा. शक्य असल्यास थोडं थरथरू द्या, त्याने खात्री अधिक खरी वाटते. तुम्ही खोटं बोलत नसताच. तुम्हाला खरोखरच तो आठवत असतो, आणि बचावाच्या वकिलाला नेमकं तेच खोडता येत नाही.

मेरीलँडमध्ये हे अगदी पद्धतशीर पार पडलं. १९८४ मध्ये तिथे नऊ वर्षांच्या एका मुलीचा खून झाला. संशयिताचं वर्णन मिळालं: उंची सहा फूट पाच इंच, अंगाने सडसडीत, केस सोनेरी कुरळे. चित्र दूरदर्शनवर झळकलं, आणि चित्रासारखा दिसतो म्हणून कोणीतरी कर्क ब्लड्सवर्थचं नाव कळवलं. ब्लड्सवर्थ सहा फुटांचा, चांगला धिप्पाड आणि केसांनी लालभडक. पण चित्र तर जुळत होतं. पाच साक्षीदारांनी कोर्टात त्याच्याकडे बोट दाखवलं आणि १९८५ मध्ये त्याला मृत्युदंड ठोठावला गेला. पुढे फेरखटल्यात त्याची जन्मठेप झाली. १९९३ मध्ये डीएनएने तो सुटला. तरी 'पाच जण कसे चुकतील' असं म्हणणारे होतेच, आणि त्यांची चूक नव्हती. पाच जणांनी मिळून चुकायला बरीच मेहनत लागते.

तोच डीएनए २००३ मध्ये खऱ्या खुन्याशी जुळला. तो दुसऱ्याच गुन्ह्यासाठी आधीपासून तुरुंगात होता. उंची साडेपाच फुटांच्या आसपास. ब्लड्सवर्थने त्याला लगेच ओळखलं: हा तर त्याच तुरुंगात, आपल्या खालच्या मजल्यावरच्या कोठडीत राहायचा. आपण तुरुंगाच्या ग्रंथालयात काम करत होतो तेव्हा याला पुस्तकं दिली होती. म्हणजे ज्याचा चेहरा सगळे शोधत होते, तो त्याने वर्षानुवर्षं भर उजेडात, हाताच्या अंतरावरून पाहिला होता. त्याला काहीच वाटलं नाही. वाटणार कसं? चित्रात तर तो स्वतःच होता.