वूचला जा. दोन दिवस काढून जा.

पोलंडला गेलेली आपली माणसं वॉर्सा, क्राकुफ आणि आउशवित्झ बघून परततात. मीही तेच ठरवलं होतं. मध्ये दोन दिवस मोकळे मिळाले म्हणून वॉर्साहून ट्रेन पकडली आणि साधारण दीड तासात वूचला उतरले.

वूच म्हणजे होडी. पण होडी चालेल अशी नदी काही तिथे नाही. जे ओढे होते ते आधी गिरण्यांनी वापरले आणि पुढे शहराने जमिनीखाली बंदिस्त केले. 1820 मध्ये हजारभरसुद्धा वस्ती नसलेलं हे गाव पहिल्या महायुद्धापर्यंत पाच लाखांच्या आसपास गेलं, ते फक्त कापडाच्या जोरावर. पोलिश, जर्मन, ज्यू, रशियन, सगळे पोटासाठी आलेले. लालबागला वाढलेल्या मुलीला ही गोष्ट वेगळी समजावून सांगावी लागत नाही.

क्शेंझी म्वीन या भागात शाइब्लरची गिरणी आणि तिच्यासमोर कामगारांच्या लाल विटांच्या घरांच्या रांगा आहेत. खोल्या लहान, पाणी आणि संडास तेव्हा बाहेर, सामायिक. शेजारी गिरणीचीच शाळा. मी तिथे बराच वेळ नुसती उभी होते. घरांत आजही लोक राहतात, खिडक्यांत कुंड्या आहेत.

पोझनान्स्कीच्या गिरणीत 2006 मध्ये मॉल उघडला. आपल्याकडेही मॉल झाले, मग फरक काय? फरक हा, की तिथे जुनं फाटक जागेवर आहे, विटांवर गिलावा चढवलेला नाही आणि आत त्याच गिरणीचं म्युझियम आहे. 1989 मध्ये साम्यवादी राजवट गेली आणि इथल्या गिरण्या पटापट बंद पडल्या. कामगारांत बायका जास्त, त्यामुळे घरी बसल्या त्याही बायकाच. ते दुःख मॉलने भरून निघालेलं नाही, मागच्या गल्ल्यांतली पडकी घरं बघितली की कळतं. पण तिथलं पोर विचारेल तर त्याला दाखवायला भिंत तरी आहे. माझे बाबा जिथे साचेखात्यात, म्हणजे कापड विणणाऱ्या मागांवर होते, तिथे आज टॉवर आहे. गिरणीचं नाव सांगणारी एक पाटीही नाही. याचा मला राग येतो आणि तो कमी व्हावा असं वाटत नाही.

राडेगास्ट स्टेशनलाही जाच. 1940 ते 1944 या काळात वूचच्या घेट्टोत दोन लाखांहून जास्त ज्यू कोंडले गेले. त्यांच्याकडून जर्मन सैन्याचे गणवेश शिवून घेतले आणि इथूनच त्यांना गाड्यांत भरून मरायला पाठवलं. कापडाच्या शहराची ही बाजू न बघता परतू नये.

शेवटच्या दिवशी पांढऱ्या गिरणीतल्या वस्त्रसंग्रहालयात गेले. 1830 च्या दशकात गायरने बांधलेली ही इमारत, वूचमधली वाफेवर चालणारी पहिली गिरणी. आत जुने साचे अजून चालवून दाखवतात. तो खडखडाट कानावर आला आणि मी तिथूनच बाबांना व्हिडिओ कॉल लावला. 1982 च्या संपात घरी बसले ते पुन्हा गिरणीत गेलेच नाहीत. बराच वेळ ते काही बोलले नाहीत, फोन कानाला लावून ऐकत राहिले. मी कॅमेरा साच्यावर धरला होता, पण बघायचं त्यांच्या लक्षातच आलं नाही.

मग म्हणाले, "एका माणसाकडे किती साचे द्यायचे तिथे? विचार बघू."

मी विचारायला परत आत गेले.