नुसता बंपर तर बदलायचाय

जुन्या पिकअपचा मागचा बंपर मुद्दाम कोणी ठोकत नाही. मागे उभा असलेला माणूस "येऊ द्या, येऊ द्या, अजून आहे" म्हणत असतो. त्या 'अजून'मध्ये नेमके किती सेंटिमीटर शिल्लक आहेत, हे फक्त खांबाला ठाऊक असतं. आधी 'धप्प' असा आवाज येतो, "बस, बस!" त्यानंतर ऐकू येतं. मग सगळे खाली उतरून चेपलेल्या कोपऱ्याकडे बघतात आणि कोणीतरी ते वाक्य बोलतं : "नुसता बंपर तर बदलायचाय. चार-सहा बोल्ट. तासाभराचं काम."

या वाक्यातल्या जवळजवळ प्रत्येक शब्दावर माझा आक्षेप आहे.

पहिला 'नुसता'वर. बंपर चासीला, म्हणजे गाडीच्या खालच्या पोलादी सांगाड्याला, थेट जोडलेला नसतो, मध्ये दोन ब्रॅकेट असतात. मार बंपर खातो आणि अपचन ब्रॅकेटला होतं. एका कोपऱ्यावर धक्का बसला की त्या बाजूचा ब्रॅकेट आत जातो आणि दुसऱ्या बाजूचा, ज्याला कोणी बोटही लावलेलं नाही, तो बाहेर ओढला जातो. म्हणून नवा बंपर मागवण्याआधी गाडीखाली झोपून टेप लावायची. चासीच्या डाव्या पट्टीवरच्या एखाद्या मूळ भोकापासून उजव्या ब्रॅकेटच्या भोकापर्यंत आणि मग उजवीकडच्या तशाच भोकापासून डाव्या ब्रॅकेटपर्यंत, अशी तिरकी मापं घ्यायची. दोन्ही मापांत दोन-तीन मिलिमीटरचा फरक आला तर तो टेपच्या झोळाचा. सेंटिमीटरभर आला तर ब्रॅकेट नाही तर चासीचं टोक वाकलेलं आहे, आणि त्यावर कोरा बंपर चढवला तरी तो वाकडाच दिसणार. फक्त आता चकचकीत वाकडा.

आता बोल्ट. खरं काम इथेच आहे. बंपर बदलणं म्हणजे नव्वद टक्के बोल्ट काढणं आणि दहा टक्के बंपर उचलणं. पंधरा-वीस वर्षं चिखल, पाणी आणि धूळ खात एकाच भोकात राहिलेला बोल्ट हा जुना भाडेकरू असतो. तुम्ही जागा मोकळी करा म्हणता, तो म्हणतो आता मीच मालक.

त्यातही बंपरचे बोल्ट खास जातीचे. बाहेरून गोल, गुळगुळीत टोपी. तिच्यावर पाना बसायला जागाच नाही. टोपीच्या खाली चौकोनी मान असते, ती बंपरच्या चौकोनी भोकात अडकते आणि म्हणूनच बोल्ट जागेवर फिरत नाही. कल्पना फार छान आहे, नव्या गाडीत. जुन्या गाडीत गंजाने त्या चौकोनाचे कोपरे खाल्लेले असतात. तुम्ही मागून नट फिरवता, नट आनंदाने फिरतो, तुम्हीही आनंदाने फिरवत राहता. पाच मिनिटांनी लक्षात येतं की नटाबरोबर बोल्टही फिरतोय आणि दोघं मिळून तुम्हाला फिरवतायत.

म्हणून पाना हातात घेण्याआधी तारेचा ब्रश घ्यावा. नटाच्या बाहेर बोल्टचा जो भाग दिसतो त्यावरचे आटे, म्हणजे पेचाच्या खाचा, आधी घासून स्वच्छ करायचे, कारण सुटलेल्या नटाला त्याच रस्त्याने बाहेर यायचं आहे. रस्त्यात गंजाचे ढिगारे असतील तर सैल झालेला नट निम्म्यावर येऊन पुन्हा जाम होतो. मग गंज सोडवणारं तेल. घाई करणारे फवारा मारून लगेच पाना लावतात. तेलाला आट्यांच्या फटीतून आत झिरपायला वेळ लागतो. संध्याकाळी एकदा, रात्री एकदा, सकाळी एकदा मारा आणि प्रत्येक वेळी बोल्टच्या टोकावर हातोडीने दोन-चार टिचक्या द्या. टिचक्याच. त्या हादऱ्याने गंजाला बारीक तडे जातात आणि तेलाला वाट मिळते. बोल्टवर राग काढण्याची वेळ पुढे येणार आहे, आत्ताच खर्च करू नये.

गोटी, म्हणजे नटावर चढणारं पान्याचं टोपण, सहा कोनांची घ्या. बारा कोनांची गोटी पटकन बसते, तशीच पटकन नटाचे कोपरे घासून त्याचा लाडू करते. मापाचाही घोळ असतो. बारा मिलिमीटरच्या बोल्टला नटाचं डोकं कधी अठराचं येतं, कधी एकोणीसचं. दोन्ही मापं प्रमाणितच आहेत. शिवाय जुन्या गाडीत पूर्वी कोणीतरी हात घातलेला असतोच. त्यामुळे सहा बोल्टांतले चार अठराचे, एक एकोणीसचा आणि एक, ज्याने पूर्वी हात घातला त्याच्या खिशात जो होता तो. अठराच्या नटावर एकोणीसची गोटी बसते. बसते, फिरते आणि नट गोल करते.

दिशेचंही बघून घ्या. नटाकडे तोंड करून पाहिलं तर घड्याळाच्या उलट फिरवलं की तो सुटतो, हे सर्वांना येतं. पण गाडीखाली उताणं पडून, हात बंपरवरून पलीकडे घालून, नट न दिसता फिरवायचा असेल तर दिशा मनात उलटी करावी लागते. भलेभले लोक इथे दहा मिनिटं घाम गाळून नट आणखी घट्ट करतात. खरं तर किंचित घट्ट करणं हा सोडवण्याचाच एक चांगला उपाय आहे : आधी केसभर आवळा, गंजाची पकड 'कट्' आवाज करून तुटते, मग उलट फिरवा. त्यामुळे चुकून आवळत असाल आणि कोणी विचारलंच तर हेच शास्त्र सांगावं.

तरीही न सुटणाऱ्या बोल्टसाठी आगीचा उपाय आहे. तापवायचा तो नट, बोल्ट नाही. नट प्रसरण पावला की आट्यांची मिठी सैल होते. मात्र मागच्या बंपरजवळ बऱ्याच पिकअपमध्ये इंधनाची टाकी किंवा तिची नळी असते, दिव्यांच्या वायरी असतात, आणि तीन वेळा प्रेमाने मारलेलं ते तेल तर असतंच, जे चटकन पेट घेतं. टाकी जवळ असेल तर आगीचा विचार मनातूनही काढून टाका. ग्राइंडरच्या ठिणग्यांनाही हाच नियम. आडोशाला पत्रा धरा आणि अग्निशामक हाताशी ठेवा. बंपर भंगारातच जाणार असेल तर बाहेरची गोल टोपी कापा, सगळ्यात सोपं. बंपर वाचवायचा असेल तर मागून नट कापा किंवा नट फोडायच्या हत्याराने त्याला चिरा पाडा. फिरत्या बोल्टच्या टोपीवर ग्राइंडरने एक खाच पाडून तिच्यात जाड स्क्रूड्रायव्हर अडकवता येतो. मागे कोणीतरी नट फिरवायचा. इथे त्या "अजून आहे" वाल्याला कामाला लावावं.

शेवटचा बोल्ट काढण्याआधी बंपरखाली जॅक आणि त्यावर लाकडी फळी लावा. पोलादी बंपर साधारण तीसेक किलोचा असतो. त्याचं वजन बोल्टांच्या रेषेवर नसतं, बाहेरच्या बाजूला असतं. म्हणून शेवटचा बोल्ट निघाला की तो सरळ खाली पडत नाही, आधी मान वळवतो आणि मग खाली झोपलेल्याच्या तोंडाकडे येतो. गाडीच्या चाकांना ठोकळे लावलेले असावेत हे वेगळं सांगत नाही. सांगितलंच.

काहींना बंपर बदलायचा नसतो, आहे तोच सरळ करायचा असतो. विचार चांगला. त्यासाठी बंपरला साखळी बांधून दुसरं टोक झाडाला आणि गाडी पुढे, हा प्रकार मात्र करू नये. साखळी तुटली तर ती कुठे जाईल ते तिलाही माहीत नसतं, आणि नाही तुटली तर न वाकलेला ब्रॅकेटही वाकतो. बंपर काढून, लाकडी ओंडक्यावर ठेवून ठोका. क्रम उलटा : खांब जिथे पहिल्यांदा लागला तो खोल खड्डा सर्वांत शेवटी काढायचा, आणि कडेला जी घडी शेवटी पडली ती आधी उलगडायची. उत्साहाने नेमका खोल खड्डाच ठोकला की पत्रा ताणला जातो, आणि ताणलेला पत्रा अंगठ्याने दाबला की आत जातो, सोडला की 'टक्' करून बाहेर येतो. हा आवाज मग जन्मभर साथ देतो.

बंपर क्रोमचा असेल तर ठोकण्याचा प्रश्नच वेगळा. क्रोम म्हणजे एक थर नव्हे. खाली बहुधा तांबं, त्यावर निकेल आणि सर्वांत वर अतिशय पातळ क्रोम, बहुतेकदा मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही कमी. क्रोम गंजत नाही. त्याच्या बारीक छिद्रांतून पाणी आत जातं आणि गंजतं ते खालचं पोलाद. नुसते तांबूस ठिपके असतील तर पाण्यात भिजवलेला अॅल्युमिनियम फॉइलचा बोळा फिरवा; तो क्रोमपेक्षा मऊ असल्याने चरे पाडत नाही आणि ठिपके मात्र काढतो. पण चेपलेला क्रोम ठोकला की त्याचे काचेसारखे धारदार पापुद्रे उडतात, डोळ्यांना चष्मा हवाच. आणि सुटू लागलेल्या क्रोमवर सरळ रंग मारणारे आशावादी लोक पुढच्या पावसाळ्यात तो रंग पापडासारखा सोलताना दिसतात. क्रोम आधी खरवडून मॅट करा, सुटलेला भाग पूर्ण काढा, मग एपॉक्सी प्रायमर. तोंडावर योग्य मास्क.

पुट्टीबद्दल माझी मतं कडक आहेत. बंपरवर तीन मिलिमीटरपेक्षा जाड पुट्टी म्हणजे पुट्टीचाच बंपर. तिला कडक करणारा हार्डनर वजनाने साधारण दोन टक्के, म्हणजे शंभर ग्रॅमला दोन ग्रॅम. "थोडा जास्त घालू, लवकर वाळेल" म्हणणाऱ्याची पुट्टी पात्यावरच दगड होते. कमी घालणाऱ्याची आठवड्याने अंगठा लावला तरी दबते. आणि बोल्टच्या भोकांभोवती पुट्टी अजिबात नको. आवळताना ती चिरडते, मग बोल्ट आपोआप ढिला. तिथे रंगाचा थरही पातळच ठेवावा, कारण जाड रंगही दाबाखाली बसतो.

नवा बंपर आणलात तर जुना लगेच फेकू नका. दोन्ही शेजारी पालथे घालून भोकांची मधोमध ते मधोमध अंतरं जुळवा. 'या गाडीला बसतो' या वाक्याचा अर्थ 'कानस असेल तर बसतो' असाही होतो. बोल्ट नवेच घ्या, डोक्यावर ८.८ हा ताकदीचा दर्जा लिहिलेले. स्टेनलेस चमकतात म्हणून मोह होतो, पण ते घेताना त्यांची ताकद बघावी लागते, आणि त्यांचे आटे आवळता आवळता एकमेकांत रुतूनही बसतात.

बसवताना सगळे बोल्ट आधी हातानेच, तीन-चार आटे. एक बाजू पूर्ण आवळून दुसरीकडे गेलात तर दुसरीकडची भोकं समोर दिसतात, पण भेटत नाहीत. बंपर समतल आहे की नाही हे जमिनीपासून मोजू नये. जुन्या गाडीच्या स्प्रिंगांनी कधीच एका बाजूला मान टाकलेली असते. मोजायचं ते हौद्याच्या खालच्या कडेपासून. हौदा आणि बंपर यांत बोटभर फट ठेवा. हौदा चासीवर वेगळा बसवलेला असतो, खड्ड्यांत दोघंही आपापल्या मर्जीने हलतात, आणि फट नसेल तर एकमेकांना घासतात. फट कमी-जास्त असेल तर ब्रॅकेटमागे वायसर घाला. मग आलटूनपालटून आवळा. बारा मिलिमीटरच्या कोरड्या ८.८ बोल्टला ८० न्यूटन-मीटरच्या (आवळण्याच्या जोराचं माप) आसपास पुरतं. आट्यांना ग्रीस लावलं असेल तर त्याहून कमी. गाडीच्या मॅन्युअलमध्ये वेगळा आकडा असेल तर तोच खरा. शंभरेक किलोमीटर झाले की पुन्हा एकदा पाना फिरवा.

पूर्ण आवळण्याआधी नंबर प्लेटचा दिवा लावून बघा. काही गाड्यांत त्याची अर्थिंग बंपरच्या पत्र्यातूनच जाते, आणि आपण तर बंपर आतून-बाहेरून प्रेमाने रंगवलेला असतो. दिवा लागत नाही. लोक बल्ब बदलतात, फ्यूज बदलतात, वायर बदलतात. अर्थच्या स्क्रूखालचा नाण्याएवढा रंग खरवडला की दिवा लागतो.

हे सगळं झालं की माणूस चार पावलं मागे जाऊन बघतो. फट सारखी, बंपर सरळ, दिवा चालू, वायसर उरलेला नाही. "अजून आहे" वालाही मान डोलावतो. आणि मग कौतुकाने हत्यारं हौद्यात टाकायला म्हणून कोणीतरी फाळका, म्हणजे हौद्याचं मागचं दार, उघडतो. मापं घेतली तेव्हा फाळका बंद होता. तो खाली येतो आणि बंपरच्या कोऱ्या रंगावर, बरोबर मधोमध, जाऊन बसतो.